कोठार उघडल्यानंतरचं काम : महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतली सर्व महाराष्ट्र मंडळं

विषय : फूड पँट्रीतली सेवा उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतून काढून वर्षाच्या वेळापत्रकात घालण्याबाबत

स. न. वि. वि.

गणेशोत्सवात हॉलच्या दारापाशी ठेवलेली ती पुठ्ठ्याची खोकी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. आरती होते, महाप्रसाद होतो, निघताना लोक त्यांत राजम्याचे नि मक्याचे कॅन टाकतात. पुढच्या शनिवारी चार जण ती खोकी फूड पँट्रीवर, म्हणजे गरजूंना फुकट किराणा मिळतो त्या जागी, पोचवतात, मंडळाचा बॅनर धरून फोटो निघतो आणि वर्षभराचं अन्नदान झालं अशी नोंद अहवालात होते. त्या खोक्यांवर आमचा राग नाही. पण त्यांच्या मागोमाग माणसं येत नाहीत, ही आमची तक्रार आहे. तीच ती माणसं, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, जानेवारीत बर्फ पडत असताना आणि जुलैत निम्मं गाव सुट्टीवर गेलेलं असतानाही, अशी आम्हाला हवी आहेत.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार रयतेसाठी उघडलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोठार उघडल्यावर पायल्यांनी धान्य कोणी मोजलं, पोती कोणी ओढली, रांगेतल्या शेवटच्या म्हातारीला उरेल याची काळजी कोणी घेतली, हे मात्र कथेत येत नाही. अमेरिकेतली फूड पँट्री म्हणजे नेमका हाच न सांगितलेला भाग. या कामात काही अध्यात्म असेल तर ते इथेच आहे, असं आमचं मत आहे. का, ते सांगायला आधी काम सांगावं लागेल.

मंडळांच्या ईमेलमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने येतात, म्हणून आधी तो गोंधळ मिटवू. फूड बँक म्हणजे घाऊक गोदाम : ट्रक, पॅलेट, फोर्कलिफ्ट, आत चालत जाता येईल एवढे फ्रीझर. पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. सेंट मेरीज हे तिचं नाव, आणि ती आजही चालू आहे. फूड पँट्री म्हणजे किरकोळ दुकानासारखी जागा, पुष्कळदा एखाद्या चर्चच्या तळघरात. गोदामातला माल इथे येतो आणि माणसं तो घरी नेऊन रांधतात. सूप किचनमध्ये शिजलेलं अन्न ताटात मिळतं. सरकारी माल या साखळीत आला तो १९८१ च्या डिसेंबरात, रेगन सरकारने गोदामांत साठलेलं चीज वाटायला काढलं तेव्हापासून. त्यातून उभ्या राहिलेल्या टीफॅप या केंद्र सरकारच्या अन्नमदत योजनेचे डबे आणि पिशव्या आजही बहुतेक पँट्रींच्या फळ्यांवर दिसतात.

हा फरक कळला की महाप्रसादातला उरलेला मसालेभात घेऊन पँट्रीच्या दारात जाणाऱ्यांना परत का पाठवतात तेही कळेल. पँट्रीला शिजलेलं अन्न लागत नाही. घरी केलेले लाडू-चिवडा तर कुठेच घेत नाहीत. परवाना असलेल्या केटररचं अन्न सूप किचन किंवा निवारा घेऊ शकतो, तेही आधी फोन करून विचारल्यावर आणि अन्न १४० अंश फॅरनहाइटच्या वर गरम ठेवलेलं असेल तर. ४० ते १४० अंशांच्या मधे ते दोन तास राहिलं की टाकून द्यायचं. आपल्या महाप्रसादात पातेली किती वेळ उघडी असतात हे आपण जाणताच. ‘उद्या कोणी खटला भरला तर’ अशी भीती केटरर घालतात, ती मात्र बरीचशी पोकळ आहे. १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. उघड बेपर्वाई केली तरच ते जातं.

आता खोक्यांकडे वळू. मंडळाच्या खोक्यांत नेहमी अडकणाऱ्या वस्तू म्हणजे काचेच्या बरणीतलं लोणचं, अर्धवट वापरून रबर लावलेली मसाल्याची पाकिटं, घरच्या मोठ्या पोत्यातून झिपलॉकमध्ये भरलेला तांदूळ, आणि इंडियन स्टोअरने स्वतः भरलेल्या, नाव नि भाव एवढंच लिहिलेल्या डाळीच्या पिशव्या. काच एक फुटली की आजूबाजूचं सगळं टाकावं लागतं, कारण पुठ्ठ्यात किंवा पिशवीच्या घडीत अडकलेला तुकडा डोळ्याला दिसत नाही. उघडलेलं पाकीट घेता येत नाही, हे सांगायला नको. चटण्या, मसाले, तयार पिठं यांच्या पाकिटावर घटकांची यादी नसेल तर तेही देता येत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे नऊ मोठे ॲलर्जीकारक पदार्थ लेबलवर असावे लागतात. नववा पदार्थ तीळ; तो २०२३ पासून आला. आपल्या किती चटण्या-मसाल्यांत तीळ आणि शेंगदाणे असतात ते पाहा, म्हणजे या नियमाचं वजन कळेल.

तारखांबद्दल दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही देणगीदार एक दिवस उलटलेला कॅन फेकून देतात. काही जण घर बदलताना फडताळातला सहा वर्षांपूर्वीचा कॅन धर्मादाय करतात. ‘बेस्ट बाय’ ही चवीची तारीख आहे, विषाची नाही. केंद्रीय नियमाने तारीख सक्तीची आहे ती एकट्या बाळाच्या फॉर्म्युल्यावर, आणि ती उलटली की डबा सरळ कचऱ्यात. बाकी कॅनचं गणित आंबटपणावर असतं. टोमॅटो, अननस यांसारखे आंबट पदार्थ साधारण १२ ते १८ महिने उत्तम राहतात. मका, घेवडा, मांस यांसारखे दोन ते पाच वर्षं. प्रत्येक पँट्रीच्या भिंतीवर तिच्या फूड बँकेचा तक्ता लावलेला असतो. शंका आली की तो पाहायचा, स्वतःच्या घरचा नियम लावायचा नाही.

पोचे गेलेले कॅन हा वेगळा विषय आहे. अंगावर उथळ पोचा असेल तर चालतं. पोच्यात बोट बसत असेल, किंवा पोचा वरच्या-खालच्या कडेवर नाहीतर उभ्या सांध्यावर असेल, तर कॅन टाकायचा, कारण तिथे डोळ्याला न दिसणारी फट पडते. फुगलेला किंवा पाझरणारा कॅन उघडून पाहायचा नाही, वास घ्यायचा नाही. बॉट्युलिझमचं विष वासावरून कळत नाही.

मग द्यायचं काय? प्लास्टिकच्या बरणीतलं पीनट बटर, रसातली फळं (पाकातली नकोत), कमी मिठाचे भाज्यांचे कॅन, लहान बाटलीतलं तेल, ओट्स. कडी ओढून उघडणारे कॅन निवडा. मोटेलात किंवा गाडीत राहणाऱ्याकडे कॅन-ओपनर नसतो, आणि मोटेलात चूलही नसते, फार तर मायक्रोवेव्ह. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड यांची मागणी कधीच संपत नाही, कारण स्नॅप या सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर यांतलं काहीच मिळत नाही. आणि पैसे द्या. फीडिंग अमेरिका ही देशभरच्या फूड बँकांची संघटना एका डॉलरमागे दहा जेवणं असा हिशोब सांगते. तो जादूचा वाटतो, पण त्यात जादू नाही. माल बराचसा देणगीत आलेला असतो. पैसा ट्रकच्या डिझेलला, फ्रीझरच्या विजेला आणि गोदामाच्या पगारांना लागतो. दुकानातून पूर्ण किमतीला कॅन घेऊन तो पोचवण्यापेक्षा तेवढेच पैसे पाठवले तर जास्त पोटं भरतात. तरीही खोकी पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. लहान मूल आपल्या हाताने कॅन टाकतं, त्यालाही किंमत आहे. फक्त ती किंमत मुलाच्या शिक्षणाची आहे, हे कार्यकारिणीने मनाशी कबूल करावं.

हे झालं दारापर्यंतचं. खरं काम मागच्या खोलीत आहे.

तिथलं चलन म्हणजे केळ्याचं खोकं. दुकानात केळी ४० पौंडांच्या ज्या जाड खोक्यात येतात, त्यांतच सगळ्या पँट्रींचा माल फिरतो : हातासाठी दोन्ही बाजूंना भोकं, वर दुसरं झाकणासारखं बसणारं खोकं. त्याच्या तळालाही मोठं भोक असतं, म्हणून आधी एक पुठ्ठा टाकायचा, नाहीतर उचलताना ट्यूनाचे डबे पायावर पडतात. कॅन असतील तर खोकं अर्धंच भरायचं आणि वर ब्रेड, सीरिअल असं हलकं काही ठेवायचं. पूर्ण भरलं तर एकट्याला उचलवत नाही आणि पाठ जाते. नवा माणूस हमखास भरभरून भरतो. माल जमिनीपासून किमान सहा इंच वर ठेवायचा, म्हणजे खाली झाडता येतं आणि उंदीर दिसतो. आधीच्या तारखेचं पुढे, नंतरच्या तारखेचं मागे. सगळी लेबलं तोंडं पुढे करून. दर आठवड्याला पुन्हा तेच.

भाजी निवडणं हे सर्वांत वासाचं आणि आमच्या मते सर्वांत मोलाचं काम. दहा पौंडांच्या बटाट्याच्या जाळीत एक नासका असला तर तो बाकीच्यांना भिजवतो. जाळी फाडायची, नासका काढायचा, ओले झालेले पुसायचे, उरलेले नव्या पिशवीत भरायचे. कांदे आणि बटाटे शेजारी ठेवायचे नाहीत, दोन्ही लवकर खराब होतात. सफरचंदं पालेभाजीपासून लांब, कारण त्यांतून सुटणाऱ्या एथिलीनने पानं पिवळी पडतात. ब्रेडच्या एका चकतीवर बुरशी दिसली की अख्खी लादी टाकायची, कारण धागे आत पसरलेले असतात. अंड्यांचं प्रत्येक खोकं उघडून पाहायचं. एक फुटलं असेल तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या खोक्यातलं अंडं त्यात भरू देत नाहीत, कारण तारीख आणि लॉट नंबर खोक्यावर असतो, अंड्यांची सरमिसळ झाली की तो निरर्थक होतो. फ्रीझरमधलं मांसाचं पाकीट एका बाजूला दबून गोठलं असेल किंवा आत बर्फाचे मोठे खडे असतील, तर ते मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय असं समजायचं आणि जबाबदार माणसाला दाखवायचं. फ्रिज ४० अंश फॅरनहाइटच्या खाली, फ्रीझर शून्य फॅरनहाइटला, आणि दोन्हींचे आकडे वहीत लिहायचे. वही कंटाळवाणी आहे खरी. पण रात्री वीज गेली होती की नाही, हे सकाळी तीच सांगते.

निवडताना एकच प्रश्न विचारायचा असतो : हे मी माझ्या घरी नेईन का? आपल्या परंपरेत याला आणखी बरी कसोटी आहे. नैवेद्याला फळ ठेवताना आपण ते हातात फिरवून चारी बाजूंनी पाहतो. टिचलेलं, किडकं बाजूला काढतो. तीच नजर चाळीस पौंड ढोबळ्या मिरच्यांवर तासभर ठेवता आली, समोर देव नाही, मूर्ती नाही, पाहणारं कोणी नाही आणि घेणारा कोण हे कधी कळणारही नाही, तर त्या तासाला आम्ही पूजा म्हणू. ही नजर दोन्हीकडे चुकते. हात सैल सोडला तर कुजकं पुढे जातं. सोवळं फार वाढलं तर ठिपके पडलेली उत्तम केळी कचऱ्यात जातात, आणि अन्न पूर्णब्रह्म म्हणणाऱ्याने अन्न टाकलेलं असतं. कुठे थांबायचं ते सरावाने कळतं. म्हणूनच वर्षातून एकदा येणाऱ्याच्या हाती निवडीचं काम देत नाहीत. त्याला पुठ्ठे मोडायला बसवतात, आणि तो ‘आज काही खास काम नव्हतं’ असं म्हणत घरी जातो.

तांदूळ भरण्याचं एक उदाहरण देतो, म्हणजे माणसं का लागतात ते लक्षात येईल. ५० पौंडांचं पोतं दोन-दोन पौंडांत भरायचं तर हिशोबाने २५ पिशव्या. सांडलवंड धरून २४. आधी टेबल साबणाने धुवायचं, मग गॅलनभर पाण्यात एक चमचा (टेबलस्पून) बिनवासाचं ब्लीच घालून पुसायचं आणि हवेत वाळू द्यायचं. हात वीस सेकंद धुवायचे, केसांना जाळी, दाढीलाही जाळी, मग हातमोजे. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. एकाने मापायचं, एकाने पिशवी धरायची, एकाने तोंड बंद करायचं, एकाने लेबल लावायचं : पदार्थ, घटक, भरल्याची तारीख, पँट्रीचं नाव. हाताने मोबाइल उचलला की मोजे बदलायचे. चार जणांची लय एकदा जमली की बोलणं आपोआप थांबतं. ओव्या म्हणत दळणाऱ्या बायकांना ही अवस्था माहीत असणार.

आता पुढची खोली. पूर्वी पँट्री बांधलेली पिशवी हातात देत असे, सगळ्यांना सारखी. आता बऱ्याच पँट्रींत माणूस दुकानासारखा फळ्यांमधून फिरतो आणि हवं ते घेतो. घरात माणसं किती त्यावर मर्यादा असते, म्हणजे प्रथिनांचे इतके, भाज्यांचे इतके. नको ते घरी जाऊन कचऱ्यात पडत नाही. यात स्वयंसेवकाचं काम वाढप्याचं असतं. चांगला वाढपी पानाकडे बघतो, चेहऱ्याकडे नाही. तो ओळ सोडून ओळखीच्याकडे जात नाही. पोळी संपत आलीय हे मागणाऱ्याने सांगण्याआधी त्याला कळतं. आणि शेवटच्या पंगतीला श्रीखंड उरलं पाहिजे हे तो पहिल्या पंगतीपासून ध्यानात ठेवतो. पँट्रीत याचा अर्थ इतकाच : अंडी, मांस, दूध यांचा सुमारे एक तृतीयांश साठा शेवटच्या तासासाठी मागे ठेवायचा. शेवटी येणारे हे बहुधा कामावरून सुटून येणारे असतात. लवकर येऊ शकणाऱ्याला सगळं मिळावं आणि राबणाऱ्याला रिकामी फळी, हे बरं नव्हे.

आपल्या लोकांना जड जातं ते पात्रतेचं. ‘अहो, ती तर नव्या एसयूव्हीतून आली’ हे वाक्य पार्किंगमध्ये फार ऐकू येतं. गाडी कर्जाची असते, उसनी असते, नोकरी असताना घेतलेली असते. कधी एक गाडी शेजारच्या तीन घरांचं सामान न्यायला आलेली असते. सरकारी मालासाठी उत्पन्नाची अट आहे, पण बऱ्याच राज्यांत माणसाने सही करून सांगितलेलं पुरतं. तपास करणं स्वयंसेवकाचं काम नाही, आणि इमिग्रेशनबद्दल तर अवाक्षरही विचारायचं नाही. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या असं आपण कीर्तनात ऐकतो. कोण किती जेवला, त्याची लायकी होती का, हे त्याने विचारल्याचं कोणी सांगत नाही.

‘आपल्यात कोणाला लागत नाही’ हा गैरसमजही सोडावा लागेल. विद्यापीठांच्या आवारातल्या पँट्रींत भारतीय विद्यार्थी असतात. एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी सोय करायला किंवा देश सोडायला साठ दिवसांची मुदत असते आणि जोडीदाराला त्याच्या एच-४ व्हिसावर बहुधा काम करता येत नाही. अशा घरात दूध-भाजीचाही विचार करावा लागतो. म्हणून एक नियम पाठ करा : पँट्रीत ओळखीचं माणूस दिसलं तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याने हाक मारली तर बोलायचं, नाहीतर शांतपणे मागच्या खोलीत जायचं आणि दुसऱ्याला पुढे पाठवायचं. घरी जाऊन नवऱ्याला, बायकोलासुद्धा सांगायचं नाही. लोक मराठी स्वयंसेवकांचा वार टाळून दुसऱ्या गावच्या पँट्रीत जाऊ लागले, तर दोष आपल्या तोंडांचा.

शाकाहाराबद्दल मोकळेपणाने बोलू, कारण मंडळाच्या बैठकीत तो विषय कुजबुजीतच राहतो. पँट्रीत गोमांस आहे, डुकराचं मांस आहे, ट्यूना आहे. हात लावायचा नसेल तर नाव नोंदवतानाच सांगा. भाजी, धान्य, नोंदणी, गाडीपर्यंत सामान पोचवणं अशी भरपूर कामं आहेत आणि कोणी वाईट मानत नाही. ऐन वेळी फ्रीझरसमोर नाक मुरडलं तर मात्र वाईट दिसतं. दुसऱ्याच्या पिशवीतलं मांस पाहून चेहरा बदलू देऊ नका, डाळीचा उपदेश करू नका. उलट आपलं शाकाहारी ज्ञान कामाला लावा. रिफ्राइड बीन्सच्या कॅनमध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं, हे लेबल वाचून शाकाहारी, ज्यू किंवा मुस्लिम माणसाला सांगणारं कोणीतरी लागतं. कोरडी कडधान्यं तर कित्येक पँट्रींत पडून राहतात, कारण ती शिजवायची कशी हेच ठाऊक नसतं. मंडळाने इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये पानभर कृती छापून द्यावी : मसूर डाळ, कुकरशिवाय, वीस-पंचवीस मिनिटं. राजम्याच्या कागदावर एक इशारा ठळक हवा. राजमा कच्चाच स्लो कुकरमध्ये टाकला तर त्यातलं विष नष्ट होण्याइतकी उष्णता मिळत नाही आणि घरभर उलट्या होतात. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात तीस मिनिटं खळखळ उकळायचा, मग पुढची कृती. कुकर असलेल्या आपल्या घरांत ही गोष्ट कधी डोक्यातही येत नाही.

बॅनरबद्दल. सरकारी माल वाटणाऱ्या पँट्रीत धार्मिक प्रचार वाटपाच्या वेळेपासून किंवा जागेपासून वेगळा ठेवावा लागतो. ज्या चर्चच्या तळघरात पँट्री आहे त्या चर्चलाही हे बंधन आहे. तेव्हा पिशवीत गणपतीचा फोटो किंवा दिवाळी मेळ्याचं पत्रक सरकवू नका. रांगेतल्या माणसांचे फोटो तर अजिबात नकोत, पाठमोरेसुद्धा. फोटोशिवाय दोन वर्षं काम करायला मंडळ तयार आहे का, हा प्रश्न कार्यकारिणीने स्वतःला विचारून पाहावा. पुढच्या टेबलावर उभं राहिलं की दर मिनिटाला ‘थँक यू’ मिळतं, आणि त्याची चटक लागते. ‘मी देतो’ ही भावना तिथे फार लवकर अंग धरते. त्यावर जुन्या पँट्रींचा साधा उपाय आहे : पाळी बदलत राहायची. एक महिना पुढे, एक महिना मागे, आणि शेवटचा अर्धा तास सगळ्यांनी झाडू मारायचा. गाडगेबाबांच्या दशसूत्रीतली पहिली ओळ ‘भुकेलेल्यांना अन्न’ आपण भिंतींवर लिहितो; बाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत, हे मात्र चित्रापुरतं उरलं आहे.

तिथीला अन्नदान करण्याची आपली चाल आहे आणि ती मोडू नये. वडिलांच्या पुण्यतिथीला किंवा मुलीच्या वाढदिवसाला ‘आज यायचं आहे’ असे फोन येतात. पँट्री त्या दिवशी बंद असते किंवा माणसं पुरेशी असतात, आणि नाही म्हणावं लागलं की फोन करणारा दुखावतो. त्यापेक्षा तिथीचे पैसे पँट्रीच्या सर्वसाधारण निधीत द्या, ‘फक्त भाजीसाठी’ अशी अट न घालता, आणि अंगमेहनत जवळच्या रिकाम्या पाळीला. पितृपक्ष बहुधा सप्टेंबरात येतो; थँक्सगिव्हिंगची गर्दी सुरू होण्याआधीचे ते ओढग्रस्तीचे आठवडे असतात, म्हणजे पितरांनीच वेळ साधली म्हणायची. यंदा तर १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. याच सुमारास इथल्या शाळा सुटतात आणि शाळेतलं फुकट जेवण थांबतं. जावयाला तेहतीस अनारसे जरूर द्या. त्यासोबत मंडळातल्या प्रत्येक घराने पँट्रीला तेहतीस वस्तूंचं वाण दिलं तर? मुलाला आईबाप घरी नसताना हाताने घेता येईल असं : सीरिअलचे लहान डबे, फळांचे कप, पीनट बटर. एकदम नको, आठवड्याला थोडं. पँट्रीची साठवणीची खोली आपल्या गराजएवढीही नसते.

आता मागणी, आकड्यांत. मंडळाने एक पँट्री निवडावी आणि एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी, अशी अडीच तासांची पाळी वर्षभरासाठी अंगावर घ्यावी. आठ माणसं, २६ पाळ्या, म्हणजे ५२० तास. त्यासाठी बारा जणांचा पक्का गट करा : आठ कामावर, चार राखीव. ‘दर वेळी नवीन आठ जणांना संधी’ ही कल्पना लोकशाहीची वाटते, पण पँट्रीला ती ताप होते. नव्या माणसाला समजावण्यात वीस मिनिटं जातात. आठही नवे असले तर समजावणारा एकटा पडतो आणि फळ्या रिकाम्या राहतात. सरकारी मालाच्या ठिकाणी लोकांशी संबंध येणाऱ्या स्वयंसेवकांना नागरी हक्कांचं छोटं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक पाळीत दोनपेक्षा जास्त नवे नकोत. मुलांना जरूर आणा, आधी वयाची अट विचारून. मात्र कॉलेजच्या अर्जासाठी तास मोजणारी मुलं आणि त्यांच्या सहीसाठी ताटकळणारे आईबाप ही जोडी आम्हाला परिचयाची आहे. मुलगा येत असेल तर आई किंवा बापाने शेजारी उभं राहून तेच काम करावं.

नाव नोंदवून न येणं हा या कामातला सर्वांत मोठा दोष. फूड बँकेचा ट्रक ठरल्या वेळी येतो, एकेका पॅलेटवर हजार पौंडांहून जास्त माल असतो, ड्रायव्हरला पुढचे थांबे असतात आणि दूध-मांस फुटपाथवर तापत असतं. येणं जमत नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत राखीव माणसाला कळवायचं. ही जबाबदारी ज्याची पाळी त्याची, समन्वयकाची नव्हे. आणि नोव्हेंबर-डिसेंबर मागू नका. तेव्हा सगळ्यांनाच यायचं असतं. जानेवारी, फेब्रुवारी, जून, जुलै, ऑगस्ट मागा. पँट्रीचा समन्वयक फोनवर क्षणभर गप्प होईल.

तो फोन वाटपाच्या दिवशी करू नका, मधल्या वारी करा. पहिल्यांदा दोघांनीच जावं, जागा पाहावी, कामं विचारावीत, भिंतीवरचा तक्ता वाचावा. बंद बूट घालावेत, सँडल चालत नाहीत. मे महिन्यातही एक स्वेटर बरोबर ठेवावा. फ्रीझरमधलं काम निघालं तर लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पँट्रीच्या मागच्या खोलीत काम करणारे काही मराठी स्वयंसेवक